पूर्ण्याचं पांढरं

वसंतरावांसारखी फोटोतली चूक काढणारा माणूस अख्ख्या परभणीत नव्हता. दर रविवारी आमी फोटोवाले जमलो, की पूर्ण्याच्या गौतमची प्रिंट बघून ते म्हणायचे, "पांढरं राखाडी यायलंय. डेव्हलपर बदल, कागद बदल."

गौतमनं दोन्ही बदललं. पांढरं काही येईना. शेवटी तो वैतागला.

"वसंतराव, पूर्ण्याला या अन् तुमीच काढून दाखवा की!"

वसंतराव कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून गेले. पूर्णा जंक्शनवर, कोळशाच्या रेल्वे इंजिनांजवळ दिवसभर फोटो काढले. घरी आल्यावर बायकोनं दारातच विचारलं, "कुणाचा सदरा घालून आलात?"

पुढच्या रविवारी वसंतरावांनी गौतमची प्रिंट लय वेळ न्याहाळली.

"प्रिंट बरोबर हाय," ते म्हणाले. "आता तेवढं गाव धुवून घे."