तिसऱ्या खणातला डबा

नाही नाही, तिथे नको जावईबापू, त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे — मुद्दाम ठेवलाय तसा, गिऱ्हाईक फार वेळ बसत नाही मग. तुम्ही इकडे या टायरवर बसा. पँट खराब होईल? मग उभे राहा. चित्रकलेच्या मास्तराला उभं राहायची सवय असणारच. तर काय विचारत होतात तुम्ही — ग... ग... सावकाश, घाई नाही, शब्दाला गिअर लागू द्या — हां, गिअरच! बघा, ओळखलं की नाही? गाडीचं आणि तुमचं दुखणं एकच, दोघं एका जागी अडकता. रागावू नका हो. घरच्या माणसाची थट्टा नाही करायची तर कोणाची करायची?

तर हा बघा डबा. हातात घ्या, चावत नाही. एवढासा आहे, पण तुमच्या एवढ्या धिप्पाड एसयूव्हीचे गिअर हाच टाकतो — कधी दुसरा, कधी चौथा, सगळं हा ठरवतो. हा बिघडला की गाडी घाबरते आणि तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसते. चढ आला की रांगते. काल सकाळी रांगलीच ना? गेटच्या बाहेर शंभर पावलं गेलात, आणि तोंड पाडून परत आलात. मला वरून खिडकीतून दिसत होतं. आता नवीन डबा यायला बुधवार उजाडेल, तोवर मी माझ्या मागच्या अंगणातल्या ठोकलेल्या गाडीतला एक बसवून बघतोय, तुमच्यासाठी, रविवारची सुट्टी मोडून — चालला तर चालला. घड्याळाकडे काय बघता सारखं? दीडच वाजलाय. हे काम घड्याळावर होत नाही. आधी बॅटरीची वायर काढायची, मग अर्धा तास थांबायचं, मग प्लग, मग चार बोल्ट. का थांबायचं? वा, आज बरेच प्रश्न सुचतायत! तीन वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलला नाहीत आणि आज सकाळपासून हा बोल्ट कशाचा, ती वायर कुठे जाते. बरं वाटतं पण. विचारा. कोणी विचारतच नाही हल्ली.

पोरगी वरच आहे ना? आहे, रेडिओ चालू आहे म्हणजे वरच आहे. लहानपणापासूनची सवय, रुसली की रेडिओ मोठा करायचा. रुसू दे. उद्या नऊला त्या नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं म्हणे, नाही तर जागा दुसऱ्याला देतील. देऊ देत! शिकवायला निघाली होती, गाड्यांचे दोष कसे शोधायचे ते — आणि तिला कोणी शिकवलं? याच जमिनीवर, मी. नऊ वर्षं ती इथे माझ्या शेजारी उभी होती. स्कॅनर लावला की पडद्यावरचं ती वाचणार, मी पाना फिरवणार. ते बारीक इंग्रजी अक्षर मला कुठलं दिसायला — आणि दिसलं तरी, आता तुमच्यापासून काय लपवायचं, चौथीनंतर शाळा सोडलेला माणूस मी. ती म्हणायची, बाबा, वायर तुटलीय, की मी म्हणायचो, मला आवाजावरूनच कळलं होतं. गिऱ्हाईक खूश. आणि एके दिवशी तुम्ही आलात, तुमचा तो खटारा घेऊन, आणि तिने तुमच्या गाडीचा दोष वाचला आणि तुमचा नाही वाचला.

हसलात? हसू आलं तर हसा, त्याला काही अडखळावं लागत नाही.

खरं सांगू, काय बघितलं तिने तुमच्यात? हात बघा तुमचे. बायकांचे सुद्धा नसतात असे. त्या हातांनी कधी एखादा बोल्ट सोडवलाय? पेन्सिल! आताही पेन्सिलच आहे, काय गिरवताय त्या वहीत — मला काढताय? नाक सरळ काढा. पाचशेच्या पाचशे गाड्या या हातांनी उभ्या केल्यात, आणि तुम्ही गेल्यापासून, म्हणजे तिला घेऊन गेल्यापासून, तीन गिऱ्हाइकं परत आली. एकाच्या गाडीत मी भलताच भाग बदलला. पडद्यावर काहीतरी लिहिलं होतं, मी मान हलवली, हो म्हणालो. असो. ते सोडा. अर्धा तास झाला का? नाही अजून.

पूर्वी? पूर्वी असले डबे नव्हते. पूर्वीची गाडी साधी, भोळी. बंद पाडायची तर — म्हणजे बंद पडायची तर काही लागायचं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली अंगठ्याएवढा तुकडा असायचा, रोटर. तो काढून खिशात टाकला की संपलं, दिवसभर चावी फिरवा, गाडी ढिम्म. कोणाला कळायचंही नाही. तुमच्या सासूला — तुम्ही पाहिलं नाही तिला — तिला माहेरी जायचं होतं, आई आजारी होती म्हणून. तिची आई बारा महिने आजारीच असायची! आणि इथे माझ्याकडे चार गाड्या उघड्या पडलेल्या, पोर दोन वर्षांची, ही गेली की जेवणाचे हाल. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस, उद्या सोडतो. टाकला खिशात. ती बिचारी गाडीत बसून राहिली, मांडीवर पोर, मी आपला बॉनेट उघडून खुडबुड करतोय, कपाळावरचा घाम पुसतोय. संध्याकाळी निरोप आला, म्हातारी गेली. मग काय, पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. तिने विचारलं नाही हो, काही विचारलं नाही. कधीच नाही. फक्त त्यानंतर कपडे धुताना माझ्या खिशात हात घालणं सोडून दिलं तिने. शेवटपर्यंत. नोटा भिजायच्या, पावत्या भिजायच्या, पण हात नाही घालायची.

हे तुम्हाला का सांगतोय मी? तुम्ही गप्प बसता ना, म्हणून. गप्प माणसासमोर तोंड सैल सुटतं. वर जाऊन बोलू नका तिच्याजवळ. तिला आईचं माहीत नाही. आणि तुम्ही बोलणार तरी कधी, वाक्य पूर्ण होईतो पोर म्हातारी होईल.

चला, अर्धा तास झाला. सव्वादोन. पाना द्या तो — तो नाही, दहाचा, त्याच्या शेजारचा. अहो, तिकडे कुठे चाललात? पाने इथे आहेत. खणात काही नाही. तिसरा खण उघडू नका, त्यात भंगार आहे, जुन्या पावत्या, फडकी — ठेवा तो डबा. ठेवा म्हणतो ना! कोणाच्या परवानगीने... तुम्हाला कोणी सांगितलं तिथे आहे म्हणून?

हां. तिने. तिला माझे सगळे खण पाठ आहेत.

हे बघा जावईबापू, तसं काही नाही. शुक्रवारी मी बॅटरी बघायला बॉनेट उघडलं, म्हटलं डबाही पुसून ठेवू, त्याच्या जागी तात्पुरता दुसरा... काय आहे हे? चिठ्ठी? चष्मा नाही माझ्याजवळ. हे काय, आकडेच आकडे. दोन ओळी. मोठ्या अक्षरात काढलेत — तिचंच अक्षर आहे, नऊ वर्षं भिंतीवर माझ्यासाठी असंच मोठं लिहायची. वरचा तुमच्या गाडीचा चासी नंबर. आणि खालचा वेगळाच... हा कुठला? पडद्यावरचा? काल मीच तुम्हाला पडदा दाखवला तेव्हाचा? डबा आपल्या गाडीचा नंबर पोटात ठेवतो, हो, ठेवतो, ते माहीत आहे मला, एवढंही माहीत नसेल का — वाचता आला नाही, एवढंच. तुमच्या नाकासमोर धरला मी पडदा, बघा म्हटलं, बिघाड बघा. आणि तुम्ही उतरवून घेतलात. पेन्सिलीने.

म्हणजे कालपासून माहीत होतं. आणि आज सकाळपासून हा बोल्ट कशाचा, ती वायर कुठे जाते —

बाहेर हॉर्न कोणाचा वाजतोय? टोचन करून गाडी ओढून नेणारा? तुम्ही बोलावलंत? अहो कशाला, मी बसवतो, आणा तो डबा, चार बोल्ट आहेत, वीस मिनिटांचं काम. तीन वाजता निघाल तुम्ही दोघं, अंधार पडायच्या आत पोचाल. हाक मारा तिला. मीच मारतो — अगं ए, बॅग घेऊन खाली ये! तयार होतेय गाडी!

काय म्हणालात? सावकाश... नाही, थट्टा नाही करत. सांगा. द... दोनच्या? दोनच्या बसने गेली?

पण रेडिओ चालू आहे. वर रेडिओ चालू आहे ना.

बरं.

न्या. दोरी पुढच्या हुकाला बांधायला सांगा, मागच्या नको, बंपर उचकटेल. जा. आणि जाता जाता वर जाऊन तेवढा रेडिओ बंद — नको. राहू दे. जा तुम्ही. चालू राहू दे.