रघूच्या अर्जावर आईची सही

हसा तुम्ही, पण माझा अजून जळफळाट होतो. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या वॉर्डात मी निवडणुकीला उभा, आणि चुलतभाऊ रघूही उभा. छाननीत बघतो तर रघूच्या अर्जावर सूचक म्हणून चक्क माझ्या आईची सही! मी तिथंच निवडणूक अधिकाऱ्यांकडे आक्षेप घेतला, "सार, ही सही खोटी आहे. माझी आई त्याची सूचक होणंच शक्य नाही."

अधिकाऱ्यांनी आईला बोलावलं. आली तीही रघूच्याच मोपेडवर. म्हणाली, "सही माझीच. त्यानं येऊन विचारलं. तू विचारलंस?"

रघूचा अर्ज वैध. आई म्हणाली, "दोघंही जेवायला चला, सांबार केलंय."

घरी पहिलं वाढलं रघूला. मला म्हणते, "थांब जरा, तू काय घरचाच."