आतल्या बाजूची गाठ

— नाही सिद्धांत साहेब, ‘अचानक’ काही होत नसतं. इंजिन आठ दिवस आधीपासून सांगत असतं, आपण गाणी लावून बसतो. गाडी पळताना टेंपरेचरचा काटा खाली, सिग्नलला थांबलात की वर — असंच होत होतं ना? होणारच. पळताना वारा लागतो, थांबल्यावर पंख्याचं काम. म्हणजे पंखा गेला, इतकं सरळ आहे. आणि तुम्ही काय केलंत — नळाचं पाणी ओतत राहिलात. बघा हे रेडिएटरमधलं पाणी, बघा, तोंड काय फिरवता — गंजाचा नुसता चिखल. कूलंट घालतात हो त्यात. आणि काटा लाल झाल्यावरसुद्धा चार किलोमीटर दामटलीत — हो, तुमच्या मॅडमची कलेक्टरकीची मुलाखत होती, कळलं मला, पण ते इंजिनाला कुठं ठाऊक? हे ऑइलचं झाकण — आतून साय धरलीय. ऑइलमध्ये पाणी शिरलं, हेड गॅस्केट गेलं. शी.

पण तुम्हाला तरी काय बोलायचं, पुण्याची लॅपटॉपवाली माणसं. मला किळस येते ती आमच्याच धंद्याची. ही वायर बघा, वितळलीय — पंखा डायरेक्ट केलाय. सेन्सर बिघडला, तर नवा बसवायचा सोडून सरळ बॅटरीपासून वायर ओढली, मध्ये फ्यूजसुद्धा नाही. चलता है, यार. अशी वायर एक दिवस जळते, पंखा बंद पडतो, आणि पाच वर्षं अभ्यास केलेली पोरगी भर उन्हात ऑटो शोधत धावते — पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. ज्यानं हे केलं ना, त्याला मॅडमसमोर उभा करायला पाहिजे. आमच्या सांगलीच्या उस्तादांनी थोबाड फोडलं असतं त्याचं. त्यांची पद्धत कशी — जोडावर टेप, टेपवर मेणाच्या दोऱ्याच्या तीन फेऱ्या, आणि गाठ आतल्या बाजूला, म्हणजे हादऱ्यानं सुटत नाही. दिल्लीत या हणमंतशिवाय तसं कुणी बांधत असेल तर दाखवा. थांबा, खालचा जोड बघू दे —

गाडी कुणाकडून घेतलीत म्हणालात? पद्माकर साहेब — सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधले? आणि रंग तुम्ही बदललात होय. म्हणून ओळखली नाही.

अच्छा.

नाही, काही नाही. दोरा आहे. तीन फेऱ्या. — ही वायर ओढली त्या दिवशी बायकोला, कुसुमला, हिंदूराव हॉस्पिटलला नेलं होतं, सारखे फोन येत होते. दोन दिवस चालेल म्हटलं, मग सेन्सर आणून बसवतो, पद्माकर साहेबांना सांगितलंसुद्धा तसं. कुसुम चार दिवसांत घरी आली, ठणठणीत. म्हणजे सबब चारच दिवसांची. पुढची तीन वर्षं कसली? ही गाडी दोनदा सर्व्हिसला आली माझ्याकडे — दोन्ही वेळा बॉनेट मीच उघडलं, ही वायर डोळ्यांसमोर — आणि बॉनेट लावून टाकलं. चलता है. थू.

गाडी राहू द्या इथं. इंजिन मी उतरवतो, पैशाचं आता बोलू नका. उद्या मॅडमना घेऊन या. त्याला समोर उभा करायचा म्हणालो होतो ना — उभा राहतो. नाही, तुम्ही आत्ता काही बोलू नका साहेब. जा तुम्ही. जा म्हटलं ना.