कुंडीतला मोहा अन् डोमाजीची जपानी

…अन् मंग पुस्तक मागच्या पानापासून काहून उघडलं त्यानं? सांगा ना तुमी! चांगलं जाडजूड चित्राचं जपानी पुस्तक, भगवंतरावानं मुंबईहून मागवलेलं, अन् हा डोमाजी त्याले उलट्या अंगानं उघडते, बोट वरून खाली नेते, अन् आमाले म्हनते, "जपानी असीच वाचा लागते, नत्थुजी!" तुमाले सांगतो, मी काई संशयी मानूस नाई… पन पाहा लागते का नाई?

तीस वर्स अमरावतीच्या जकात नाक्यावर मुन्शी होतो जी मी! बैलबंडी आली का पोत्यात लोखंडी सळई खुपसाची. वरून ज्वारी, आतून गूळ… असे किती पकडले! पेन्शन झाली, सळई नाक्यावर जमा केली, पन हाताची सवय कुठी जमा करता?

मंग या भगवंतरावानं बोनसायचं मंडळ काढलं. शाळेत ड्राइंग मास्तर होते ते. बोनसाय म्हंजे काय, तर जंगलातलं झाड घ्याचं, कापून-छाटून ईतभर ठेवाचं अन् ताटलीएवढ्या कुंडीत वाढवाचं. आमी सहा रिकामे म्हातारे लागलो कामाले. पुस्तक जपानी, वाचाले कोनी नाई! तर हा डोमाजी म्हनते, मले येते. लढाईत फौजेच्या भटारखान्यात होता, सिंगापुरात जपान्यायनं धरला, साडेतीन वर्स कैदेत. झालं! दर रविवारी भगवंतरावाच्या अंगनात जपानीचा वर्ग. "इची! नी! सान!" आमी मोजून राहिलो. "केइरेई!" म्हनला का साऱ्यायनं कमरेत वाकाचं. साठीचे म्हातारे रांगेनं वाकलेले, अन् माही बायको माणिकबाई कुंपनावरून म्हनते, "अवो, हे झाडाची इद्या हाय का कवायत?" मी तिले म्हनलं, चूप, शिकून राहिलो. पन मनात म्हनलं, बाई बरोबर बोलली! तीन महिने झाले, मोजाले शिकवलं, वाकाले शिकवलं, पोतं उचलाले शिकवलं. झाडाचा एक शब्द नाई! मी इचारलं, "डोमाजी, पानाले काय म्हन्तात?" तर म्हनते, "ते पुढं येईन." मी संशयी मानूस नाई… पन पुढं म्हंजे कुठी?

आता माह्या झाडाचं आयका. मोहा हाय तो. होता… आयका तर. माही पोरगी रुख्मिणी आठ वर्साची होती, मेळघाटातल्या धारणीहून येताना फ्रॉकाच्या खिशात मोहाची बी घेऊन आली अन् लोनच्याच्या फुटक्या बरनीत लावली. पोरगी वाढली, झाड बरनीनं वाढू नाई देल्लं; मंग कुंडीत लावलं. तिचं लगन झालं, अकोल्याले गेली. जाताना माह्याजवळ नाई रडली, कुंडीजवळ बसून रडली. अन् औंदा चैतात अकोल्यात कुंडीतल्या झाडाचं प्रदर्शन ठरलं, तर तिचं कार्ड आलं, "बाबा, मी सासूबाईले सांगून ठेवलं, माह्या हातचा मोहा येऊन राहिला." सांगा! माही पोरगी सासरी तोंड वर करून बोलली, या एका झाडाच्या भरवशावर.

अन् माघात त्या मोहानं पानं टाकली. एक नाई, दोन नाई, सारी! नुसती काडी उभी! इकडं भगवंतरावाचा वड हिरवागार. मले लगेच आठवलं, सक्रांतीले भगवंतराव तीळगूळ द्याले आले होते, कुंडीजवळच उभे होते. तीळगूळ एका हातात… दुसरा हात कुठी होता?

डोमाजीले बलावलं. त्यानं पुस्तक उघडलं, मागूनच! बोट खाली नेलं अन् म्हनते, "इथं लिवलं हाय. मोहा निजला. चैतात उठन. तोवर हात नोका लावू." आता मले सांगा, जपान्याले मोहा कुठून मालूम? अन् जंगलातला मोहा पानं टाकते हे मले नाई मालूम का? पन हा कुंडीतला! याले रोज पानी, सरकीच्या ढेपीचं खत, दुपारी सावली. याले असा कोनता दुष्काळ पडला जी पानं टाकाले?

भगवंतरावानंच कवातरी सांगतलं होतं, झाड जितं हाय का मेलं पाहाचं तर नखानं साल जराशी खरवडाची. आत हिरवं दिसलं का जितं. मी खरवडली. हिरवं! जीव भांड्यात पडला. पन दुसऱ्या दिवशी इचार आला, हिरवं काल होतं… आज हाय का? खरवडली. हिरवं. पन या बाजूनं हिरवं, त्या बाजूनं? खरवडली. मी संशयी मानूस नाई… पन पाहा लागते का नाई? दीड महिना पाहालं! माणिकबाई ओरडली, "अवो, ते पोतं नोहे!" कोन आयकते!

चैत लागला. मी कुंडी मांडीवर घेऊन यष्टीत बसलो, संगं डोमाजी. रस्त्यानं लिंबाले कोवळी पालवी, अन् माह्या मांडीवर काडी. रुख्मिणी सासूले घेऊन प्रदर्शनाच्या दारातच उभी. तिनं कुंडी घेतली, खोडावरून बोट फिरवलं. चारी बाजूनं. "बाबा, याची साल कोनं काढली?"

तुमाले सांगतो, जिंदगीत पहिल्यांदा मी कोनाचं नाव नाई घेतलं.

डोमाजी बाजूले आला, खोड पाहालं, टोपी काढली. म्हनते, "नत्थुजी, चारी बाजूची साल गेली, आता हे नाई उठत. मले जपानी बोलता येते, वाचता नाई येत. कैदेत पाटी कोन देते? पन माह्या बापाची जिंदगी मेळघाटातल्या मोहाखाली गेली. ते निजते, मले मालूम होतं. पुस्तकात लिवलं हाय असं नसतं म्हनलं, तर तुमी आयकलं असतं का?"

मी वरडलो, "पाहा! मी म्हनत होतो ना, याले वाचता येत नाई! माही शंका बरोबर निघाली!" सासूबाई खाली पाहून राहिली. रुख्मिणी काडीवर पदर झाकून राहिली. मंग मले लय लाज वाटली जी… लय.

आता आयका. मांगच्या महिन्यात डोमाजीनं तिले मोहाची बी पाठवली. तिनं लावली, उगवलीबी, हे मले डोमाजीकडून समजलं. मी अकोल्याले गेलो. चहा झाला, जेवन झालं, नातू मांडीवर देल्ला. कुंडी कुठीच नाई! वसरीत नाई, गच्चीवर नाई, न्हानीमागं पाहालं, तिथंबी नाई. इचारलं तर म्हनते, "हाय बाबा, बरी हाय," अन् माह्या नखाकडं पाहते.

मी संशयी मानूस नाई… पन पोरगी माह्यापासून काई तरी लपवून राहिली. अन् खरं सांगू का, बरोबर करून राहिली.