शॉनाच्या नळाला बसवलेला फिल्टर

नाव : डार्लीन हूक्स्ट्रा, वय ५९ वर्षे, धंदा : नोकरी (विद्यापीठात प्रयोगशाळा सहाय्यक), राहणार : मेपल स्ट्रीट, घर क्र. ४१२, आयोवा, अमेरिका. दि. १४ मार्च २०१७.

मी आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. बावीस वर्षे प्राध्यापक ब्रेकी यांच्या हाताखाली काम करते. विहिरीच्या पाण्यात उतरलेले खताचे नायट्रेट काढून टाकणारा फिल्टर त्यांनी शोधला. खर्च केंद्र सरकारच्या अनुदानातून झाला. पेटंट विद्यापीठाच्या नावावर आहे. विद्यापीठाने फिल्टर बनवण्याचा हक्क एकाच कंपनीला दिला, त्यास चार वर्षे झाली. बाजारात एकही आलेला नाही. प्रयोगशाळेत बनवलेले बारा नमुने कपाटात कुलूपबंद आहेत.

दि. ६ रोजी सकाळी दहाच्या सुमारास शॉना टिबेट्स प्रयोगशाळेत आली. ती आमच्या चर्चमधली. नायट्रेट असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधाने तिची सात आठवड्यांची मुलगी निळी पडली होती. पाच दिवस दवाखान्यात होती.

शॉना म्हणाली, "कपाटात बारा फिल्टर नुसते पडलेत ना? मग एक द्या की! आमच्याच कराच्या पैशातनं झालेत."

प्राध्यापक म्हणाले, "पोरी, शोध माझा, पण मालक मी नाही. उसना द्यायचा तरी कंपनीला विचारावं लागतं."

"मग विचारा."

"तीनदा विचारलं. उत्तरच देत नाहीत."

शॉना गेली.

सव्वाबाराला प्राध्यापक जेवायला गेले. कपाटाची किल्ली टेबलावर राहिली. एरवी ती त्यांच्या खिशात असते का, याबद्दल मला काही सांगायचे नाही. त्यांना काही माहीत नव्हते, हे स्पष्ट लिहून घ्यावे. एक फिल्टर मी नेला आणि शॉनाच्या स्वयंपाकघरातल्या नळाला स्वतः बसवला.

काल मोजणीत एक फिल्टर कमी भरला, तेव्हा विद्यापीठाने प्राध्यापकांविरुद्ध चोरीची तक्रार दिली व त्यांना घरी बसवले. म्हणून मी आले.

"फिल्टर परत का नाही आणलात?" असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी म्हणाले, "बाळ अजून दूधच पितंय."

फिल्टर पुरावा म्हणून आज जप्त होईल, असे मला सांगण्यात आले. काढण्याआधी त्या घरी पिण्याचे पाणी पोचवावे, असे मी म्हटले. ते पोलिसांच्या कामात येत नाही, असे कळले.

जबाब मला वाचून दाखवला. 'चोरला' लिहिले होते, तिथे मी 'नेला' करून घेतले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे.