खोक्यांत काय भरतात

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. पापण्यांआड सगळं दुधाळ तरंगत होतं. कान मात्र टक्क जागे, ते काही कुणाच्या बापाचे नोकर नाहीत. शेजारी एक खोक्यांचा कारखानदार थोरल्या बहिणीशी बोलत होता.

"ताई, खोक्यांची मागणी दुप्पट झालीय. मालाआधी खोकी लागतात. म्हणजे बाजार चढणार, बघच तू."

"म्हणून माझ्या खोलीत दुसरं मशीन बसवणार?"

"तू मागच्या खोलीत राहा की."

"मी अडगळ आहे का रे? मागेही मागणी अशीच दुप्पट झाली होती."

"मग?"

"मग गावची कापडगिरणी बंद पडली, आणि कामगार तुझ्याच खोक्यांत भांडीकुंडी भरून गाव सोडून गेले. या वेळी कोण नेतंय?"

"घरसामान हलवणारे."

"येणाऱ्यांचं, की जाणाऱ्यांचं?"



"ते नाही विचारलं गं."

"विचार. आणि येणाऱ्यांचं असेल, तर बसव तुझं मशीन, चार खोकी तेवढी माझ्या सामानासाठी काढून ठेव."