कानबाईच्या आदल्या दिवशी काढलेली दाढ

"हॅलो? … हां, बोल माय. … अगं, असं तोंडात काही धरल्यासारखं काय बोलतेस? … काय येतंय? … रक्त? अजून?"

उज्ज्वला खुर्चीतून उठली. श्रावणातला शनिवार होता. उसाचं गाळप केव्हाच संपलेलं, त्यामुळे बारडोलीच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात पंख्याखेरीज कसला आवाज नव्हता, आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केलीच. उज्ज्वला फोन कानाशी दाबत व्हरांड्यात आली. ऑफिसात ती आईशीही पुस्तकातलं मराठी बोलायची. दार ओलांडलं की मधूनच घरची अहिराणी तोंडी यायची.

"कवयपाईन यी ऱ्हायनं? … सकायपाईन? … घाबरू नको. आयक ना… आयक."

सुरतेच्या लिंबायत भागात राहणाऱ्या सरलाबाईंची, म्हणजे तिच्या आईची, खालची दाढ आज सकाळीच काढली होती. महिनाभर ठणकत होती, गालावर सूज चढली होती, आणि कानबाई, म्हणजे श्रावणात घरी बसवतात ती खानदेशी देवी, यायच्या आत ती दाढ निघालीच पाहिजे असा सरलाबाईंचा हट्ट होता. आठ दिवसांपूर्वी उज्ज्वलाच त्यांना तपासायला घेऊन गेली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गुजरातीत सगळं नीट समजावलं. दाढ काढल्यावर काय करायचं, काय नाही. सरलाबाईंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. सत्यनारायणाच्या पोथीला डोलावतात तशी.

"बोळा किती वेळ धरला होतास दाताखाली? … रिक्षातच टाकलास? … बरं, मग? … थुंकलीस. … आणि चूळ भरलीस. … किती वेळा? … दर वेळी?"

आता उज्ज्वलाच्या लक्षात आलं. उद्या रविवारी घरात कानबाई बसणार. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याचे, गहू आज दुपारी जात्यावर दळायचे. त्यांच्या घरात दळण उरकेपर्यंत घरच्या बाईनं पाणीही घ्यायचं नाही, आणि उष्ट्या तोंडानं त्या गव्हांना शिवायचं नाही. रक्त गिळलं तर उपास मोडला. म्हणून सरलाबाई मोरीवर जाऊन थुंकत होत्या, खळखळून चूळ भरत होत्या, हात धुऊन जात्याशी येऊन बसत होत्या, की तोंड पुन्हा भरत होतं. अजून एक दाणा दळून झाला नव्हता.

"नाही, नाही… डॉक्टरीणबाईंचा हात वाईट नाही. टाका घातलाय त्यांनी. … माय, दाढेच्या खड्ड्यात रक्त गोठतं, त्याची गाठ होते. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तशी. ती गाठ म्हणजेच औषध. तू दर वेळी ती धुऊन काढतेस. … हो, थुंकल्यानंसुद्धा. जोर लागतो ना थुंकायला. … मग गिळायचं. … लाळ गिळायची, माय. आजच्या दिवस लाळेत लाली राहणारच. … आणि ती गाठ निघून गेली तर हाड उघडं पडतं. दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो, की आधीची दाढ बरी होती म्हणशील."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. तोंडातून एक एक शब्द सुटा येत होता, आणि मध्येच फोन बाजूला जाऊन थुंकल्याचा आवाज आला. उज्ज्वलानं डोळे मिटले.

"आत्ता थुंकलीस. … बरं. … आणि सकाळची गोळी? … ती बारीक, रक्त पातळ करायची. … का नाही? … उपास. आणि? … तिनंच रक्त वाढतं? कोण म्हणालं? … ती शेजारीण डॉक्टर कधी झाली?"

पण आवाजातली चेष्टा तिला पुढे रेटता आली नाही. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. गेल्या वर्षी सरलाबाईंच्या हृदयात स्टेंट टाकला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न त्या गोळीचाच विचारला होता, त्यांच्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला होता, आणि मग सांगितलं होतं, की गोळी एक दिवसही चुकवायची नाही. रक्त जरा जास्त वेळ झिरपेल, त्यासाठी मी टाका घालते, तुम्ही फक्त बोळा दाबून धरा. सरलाबाईंनी त्यालाही मान डोलावली होती.

"माय, तोंडातलं रक्त दिसतं, म्हणून तू त्याला घाबरलीस. गोळी चुकवून जे होईल ते छातीत होईल. ते कोणाला दिसणार नाही. … नाही, ओरडत नाहीये. … प्रियांका कुठंय? … दारात? दारात का उभी? … बरं, तिले दे फोन."

प्रियांका ही उज्ज्वलाच्या भावाची, योगराजची बायको. जन्म सुरतेतच झालेला, शाळा गुजराती. सासूपुढे मराठी सांभाळून बोलायची. रोटाच्या दळणाला हात लावायला तिला सांगितलं नव्हतं, म्हणून ती दारातून पाहत होती.

"प्रियांका, दवाखान्यातून आणलेली पुडी उघड. बोळा जरा ओला कर, घडी घाल, आईंच्या दाढेच्या जागेवर बरोब्बर ठेव. … हो, खड्ड्यावरच, बाजूला नको. घट्ट चावून धरायला सांग. … बर्फ आहे? फडक्यात गुंडाळून बाहेरून गालाला लाव, थोडा वेळ लाव, थोडा वेळ काढ. … योगराजला फोन कर, रिक्षा घेऊन जवळपास राहा म्हणावं. अर्धा तास दाबूनही थांबलं नाही, तर सरळ दवाखान्यात न्यायचं. … आता स्पीकर लाव आणि फोन आईंच्या हातात दे."

मग तिनं आईला सांगितलं, की आता बोलायचं नाही, अर्धा तास एक शब्द नाही. हो म्हणायचं असेल तर फोनवर एक टिचकी, नाही म्हणायचं असेल तर दोन.

"कळलं? … हां. ऐकू आली."

एवढा वेळ गप्प बसलेली आई उज्ज्वलाला आठवत नव्हती. ती डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलंच एकेक विचारत गेली.

"चहा घेतलास का गरम? … नाही, बरं. आज गरम काही नाही. खाशील तेव्हा गार झालेली खिचडी, दूध. ओठ अजून बधिर आहे? … मग ओठ चावला जाणार नाही हे बघ. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या उद्यापासून, त्याही हळू, नुसतं पाणी फिरवून सोडायचं. … उद्या-परवा गाल आणखी सुजेल, त्याला भ्यायचं नाही. त्यानंतरही वाढला, ताप आला, तर मात्र दाखवायचं. … मशेरी लावलीस का आज? … माय? … टिचकी कुठं गेली? … एक. वाटलंच मला. ती आठवडाभर बंद. … दोन टिचक्या कशाच्या मारतेस? मी विचारत नाहीये, सांगतेय."

पलीकडे प्रियांका हसल्याचं ऐकू आलं आणि लगेच हसू दाबल्याचंही.

गोळीचं अजून व्हायचं होतं. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, पाणी प्यायलं की उपास सुटला, आणि उपास सुटलेल्या बाईनं रोट दळायचा नाही. हे आईच्या डोक्यातून काढायला गेलं तर दुपार सरेल. आणि ते काढावं असं उज्ज्वलाला मनापासून वाटतही नव्हतं. कानबाईच्या दिवसांत त्या एका खोलीच्या घरात आईचा चेहरा वेगळाच होतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं.

"माय, ऐक. तू रक्त गिळलंस तेव्हाच उपास सुटला. सकाळी दवाखान्यातच. … ऐक ना. आता तू दळायचं नाही, गोळी घ्यायची. दळण प्रियांका करील."

दोन टिचक्या. लगेच, आणि जोरात.

"का? … तिला येत नाही म्हणून? … एक. बरोबर आहे, येत नाही. तू कधी दाखवलंस का? … माय?"

टिचकी आली नाही.

त्यांच्या घरात रोटाला फक्त कुळातल्या बाईचा हात चालायचा. लग्न झालं की लेक दुसऱ्या कुळाची. लग्नानंतर उज्ज्वला दर श्रावणात लिंबायतला जायची, उंबऱ्याशी बसायची आणि आई दळताना बघायची. कधी मुठी घ्यायच्या, सूप कुठल्या बाजूला ठेवायचं, पीठ कसल्या फडक्यात बांधायचं, सगळं तिला पाठ होतं आणि शिवायची मुभा नव्हती. प्रियांकाला सगळी मुभा होती आणि तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"माय, मी हात लावणार नाही. इथं बारडोलीत बसलेय मी, लावीन तरी कसा? मी नुसती सांगते. हात प्रियांकाचा. चुकलं तर तू टिचकी मार. … चालेल?"

व्हरांड्यापलीकडच्या रिकाम्या आवारात एक कुत्रं उन्हातून उठून सावलीत गेलं. फोनवर गालाला लावलेल्या बर्फाची करकर येत होती. समजावण्यासारखं जे होतं ते तिनं बोलून टाकलं होतं.

टिचकी आली. एकच.

"प्रियांका, आधी आईंना गोळी. … नको, बोळा इतक्यात काढायला नको, असू दे आणखी थोडा वेळ, मग गोळी. तू तोवर हात धू. पाय पण. … डोक्यावर पदर घे. … ओढणी चालते का माय? … एक. हां, ओढणी चालेल. सूप जात्याच्या उजवीकडे. तोंड पूर्वेला. … खिडकीकडे म्हणजे पूर्वच. आता घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे. … तुझ्याच मुठीनं. … नाव मोठ्यानं घ्यायचं, हो, सासऱ्यांचंसुद्धा, आज चालतं."

प्रियांकानं सासऱ्यांचं नाव घेतलं. छगन. दबक्या आवाजात, पण घेतलं. मग योगराज. मग दोन टिचक्या आल्या.

"काय चुकलं? … मूठ? … सव्वा हवी, पाव राहिली. … हां, तेवढे अजून घाल. … आता? … बरं."

असं ते चालत राहिलं. उज्ज्वला बोलत होती, पलीकडे गहू सुपात पडत होते, मध्येमध्ये टिचकी येत होती. ऑफिसातल्या बाई एकदा दारात येऊन डोकावून गेल्या. अर्धा तास होऊन गेला असेल.

"प्रियांका, आता आईंना उजेडाकडे तोंड करायला सांग. बोळा अलगद उचल, ओढू नको. … कसा आहे? … नुसता गुलाबी? … आणि खड्ड्यात? … काळपट लाल, हलत नाही. तीच ती गाठ. तिला बोट लावू नको, जीभही लावायची नाही. … आता गोळी दे, घोटभर साध्या पाण्यानं. वाकून थुंकायचं नाही. … घेतली? … तू पाहिलंस गिळताना? … हां."

उज्ज्वलानं कपाळावरचा घाम पुसला. पलीकडे आता सरलाबाईंना बोलता येत होतं, तरी प्रियांकानंच विचारलं, की गहू झाले, जातं पुसलं, आता पहिली मूठ जात्यात घालायची, तर घालताना काय म्हणायचं?

"ते… ते मला माहीत नाही, प्रियांका."

खरोखरच नव्हतं. पहिल्या मुठीला कानबाईशी जे बोलायचं, ते त्यांच्या घरात सासूनं सुनेच्या कानात सांगायचं. उंबऱ्याशी बसलेल्या उज्ज्वलाला तेवढा वेळ दर वर्षी अंगणात पाठवायचे. तिला फक्त आईचे हलणारे ओठ ठाऊक होते.

"माय… ऐकतेस ना? … बोलू शकतेस आता, हळू. जबडा फार उघडू नको. … हो, तुलाच सांगावं लागेल. … ती बसलीय ना जात्याशी? … मग जा तिच्याजवळ."

फरशीवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. पाट असावा. बांगड्या वाजल्या. मग श्वास घेतल्यासारखं काही, फोनच्या फार जवळ. स्पीकर सुरूच होता, आणि तो बंद करायचं त्या दोघींच्याही ध्यानात नव्हतं.

"थांब माय," उज्ज्वला घाईनं म्हणाली. "मी ठेवते. मग सांग तिला."

आणि पलीकडून पहिला शब्द यायच्या आत तिनं फोन ठेवला.